आधी सही, मग तास

आमचा डबा मुरुडहून सकाळच्या एसटीने यायचा. लातूरला शिकायला ठेवलेल्या आसपासच्या गावांतल्या पोरापोरींचे डबे तसेच येत, आणि अजूनही येतात. नऊच्या सुमारास गाडी स्टँडात शिरली की आम्ही दहाबारा जणी दारापाशी गर्दी करायचो. ड्रायव्हरच्या मागे पिशव्यांचा ढीग असायचा. सगळ्या पिशव्या खताच्या रिकाम्या गोण्यांच्या, आयांनी घरी हाताने शिवलेल्या. आत दोन वेळच्या भाकरी, एका कप्प्यात अंबाड्याची भाजी नाहीतर येसर मसाल्याची आमटी, कागदाच्या पुडीत शेंगदाण्याची चटणी, आणि आई खुशीत असली तर दह्यातली धपाटी. भाकरी सुती फडक्यात बांधलेल्या असायच्या. लातूरला पोचेपर्यंत त्यांना गाडीतल्या डिझेलचा थोडासा वास लागलेला असायचा. माणसाला कशाचीही सवय होते. पुढे नांदेडला नोकरी लागली, संसार झाला, तव्यावरची गरम भाकरी ताटात पडू लागली, तरी पहिली काही वर्षं मला तिच्यात काहीतरी कमी वाटायचं.

डब्याबरोबर आणखी एक वस्तू जायची-यायची आणि हे प्रकरण मी तिच्यासाठीच लिहायला घेतलं आहे. ती म्हणजे माझी तासांची वही. दोनशे पानी, वर खाकी कव्हर. प्रत्येक दिवसाला एक पान, आदल्या संध्याकाळच्या गाडीपासून त्या संध्याकाळच्या गाडीपर्यंतचं. पानावर आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पट्टीने रेघा मारून रकाने पाडले होते: वेळ, विषय, किती पानं, काय अडलं. खाली उजव्या कोपऱ्यात त्यांच्या सहीची जागा. संध्याकाळच्या गाडीने रिकाम्या डब्यातून वही घरी जायची आणि सकाळी सही होऊन भाकरींबरोबर परत यायची. बारावीच्या वर्षाच्या सुरुवातीला ती माझ्या हातात देताना आण्णा म्हणाले होते, "मी काय तुला मारूनमुटकून शिकवणार न्हाई. रोज काय केलंस ते लिव्हायचं. मी वाचणार, सही करणार. लिव्हायचं हाय म्हणलं की माणूस करतंय. म्हैनाभर तरास होईल, मग अंगवळणी पडतंय."

आण्णांनी स्वतःला असंच वळण लावलं होतं. त्यांनी बिडी एका उन्हाळ्यात सोडली आणि घरात कुणाला सांगितलंही नाही. आईला महिन्याने कळलं, तेही धुवायच्या सदऱ्याच्या खिशात काडेपेटी सापडेना म्हणून. शेतावर कुठल्या दिवशी कुठल्या वाफ्याला पाणी दिलं हे त्यांना तोंडपाठ असायचं. बांधावरून दोन भावांचं वाजलं की गावातली माणसं आण्णांना बोलावत, कारण आण्णा स्वतः जाऊन बघतात आणि मगच बोलतात अशी त्यांची ख्याती होती. अशा माणसाची सही रोज आपल्या पानाखाली येणार या कल्पनेने मला सुरुवातीला छाती फुगल्यासारखं झालं होतं.

लातूरला माझी सोय खालांच्या घरी होती. खाला आणि खालू, म्हणजे उर्दूत मावशी आणि तिचे यजमान, गाद्या भरायचे. आमच्या घरातल्या झाडून सगळ्या गाद्या खालूंनीच भरलेल्या, त्यामुळे आण्णांची आणि त्यांची जुनी ओळख. रस्त्याच्या बाजूला त्यांचं दुकान, मागे अंगण, अंगणाच्या कडेला माझी खोली. सकाळी दुकान उघडलं की कापूस पिंजायचं मशीन सुरू व्हायचं. त्याची घरघर भिंतीतून खोलीत यायची आणि कापसाचे तंतू खिडकीतून येऊन माझ्या पुस्तकांवर बसायचे. खाला अंगणात चटईवर बसून दाभणाने गादीला टाके घालायच्या आणि तोंडाने सारखं कुणाशीतरी बोलायच्या; कुणी नसलं तर शेळीशी. दर शुक्रवारी त्यांच्याकडे खिचडी-खट्टा व्हायचा. चिंचेचा तो खट्टा एक वाटीभर माझ्यासाठी बाजूला काढलेला असायचाच, डबा आलेला असो की नसो. मला पुस्तक समोर घेऊन मशीनच्या आवाजात हरवलेली पाहिलं की त्या खिडकीशी यायच्या. "बेटा, किताब तुझ्याकडं बघून राहिली. तू कुठं बघून राहिलीस?"

हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. मुरुडच्या शाळेत मी पहिली यायची. लातूरच्या क्लासमध्ये एका बाकावर चार चार पहिले बसलेले होते. पहिल्या चाचणीत मी कुठेतरी मधोमध आले आणि मला घाम फुटला. तरी पहिले तीनेक आठवडे मी वहीत खरं लिहिलं. पाच तास, सहा तास, एकदा साडेसात. आण्णाही वाचत होते. "साडेसात" खाली त्यांनी एक रेघ ओढली होती, ती मी दिवसभर उघडून उघडून पाहिली होती. मग पेरणी आली. आण्णांचा मुक्काम शेतावर, आणि वही रात्री घरी येऊन सकाळी परत जाणारी. दोघांची गाठ पडेना. तेव्हा आण्णांनी एका रविवारी बसून पुढच्या सात पानांवर सह्या करून ठेवल्या. सोमवारी डब्यातून वही आली. मी उघडून पाहिली तर सात कोरी पानं आणि प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात आण्णांची सही.

बुधवारी मी पहाटे उठले नाही. दुपारीही वाचलं नाही, खालांबरोबर उशांच्या खोळी शिवत बसले. संध्याकाळी गाडीची वेळ झाली तेव्हा पान कोरं होतं आणि खाली सही होती. कोऱ्या पानावर "आज एक तास" असं लिहिणं म्हणजे आण्णांच्या सहीचा अपमान केल्यासारखं मला वाटलं. खरंच तसं वाटलं, मी सबब सांगत नाही. मी लिहिलं: पहाटे चार ते सात, भौतिकशास्त्र. आणि गाडी धरायला पळाले.

दुसऱ्यांदा खोटं लिहिताना विचारही करावा लागला नाही. आणि पेरणी संपली तरी आगाऊ सह्यांची पद्धत काही संपली नाही. पेरणीनंतर कोळपणी आली, मग फवारणी, मग सोयाबीनची काढणी. दर सोमवारी सात सह्या यायच्या आणि मी त्यांच्या डोक्यावर तास रचायची. त्यात मी तरबेजही झाले. रोज सगळंच जमलं असं लिहिलं तर संशय येईल म्हणून मधूनच एखादा अर्धा तास कमी करायचा. "काय अडलं" या रकान्यात पुस्तकातलाच एखादा अवघड प्रश्न उतरवायचा. गंमत म्हणजे ते पान रचायला मला रोज पाऊण तास लागायचा, आणि दिवसभरात मन लावून केलेलं काम म्हणाल तर बहुतेक दिवशी तेवढंच.

परवा माझी सून जेवण झाल्यावर सोफ्यावर बसून मोबाईल हातात धरून हलवत होती. तिचा रोज दहा हजार पावलांचा नेम आहे, दोनशे दिवस खंड नाही. मी विचारलं हे काय, तर म्हणाली, "आई, साडेतीनशेच राहिलीत." आम्ही दोघी खूप हसलो. नंतर मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच ओटा पुसत राहिले. मला माझी खाकी वही आठवली होती आणि मंगल आठवली होती.

मंगल आमच्याच वर्गात होती. तिची वस्ती मुरुडच्या पुढे, डबा आमच्याच गाडीने यायचा. खालांच्या गल्लीच्या मागच्या गल्लीत तिघींबरोबर खोली करून राहायची. उंच, हडकुळी, बोलायच्या आधी हसायची सवय. हुशारीत माझ्याहून काही फार वर नव्हती, पण जे करायची ते मान खाली घालून करायची. तिच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच मुलगी. तिचे वडील गणपतराव सातवीपर्यंत शिकलेले. मंगल त्यांना आबा म्हणायची, मी मामा. पुढच्या शिक्षणाला ते मोठ्या मुश्किलीने तयार झाले होते आणि घरातली बाकी माणसं त्यांना रोज त्यावरून बोलत होती.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी घोटाळा झाला, आणि तो माझ्याच हातून झाला. स्टँडवर बाकड्यावर मंगलची आणि माझी पिशवी शेजारी शेजारी होती. गाडी सुटायला आलेली. मी घाईघाईत वही पिशवीत सरकवली, ती तिच्या पिशवीत. ती रात्रीपर्यंत गणपतमामांच्या हातात पडली. वही रविवारी घरीच राहायची म्हणून रविवारचं पानही मी शनिवारीच रचून टाकायची, त्यामुळे सही केलेली कोरी पानं नेमकी संपलेली होती. त्यांना दिसली ती फक्त भरलेली पानं. पहाटे चार ते सात. साडेनऊ ते दीड. एकूण चौदा तास. प्रत्येक पानाखाली आण्णांची सही. मामांनी ती वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. त्या वहीचा तेवढा मनापासून वाचणारा तोवर कुणी झाला नव्हता.

रविवारी सकाळी ते स्वतः चालत आमच्या घरी वही द्यायला आले. हे मला आईने नंतर सांगितलं. ओसरीवर बसून म्हणाले, "आण्णा, पोरीला घडवलंत तुम्ही. माझीबी हाय लातूरला, पर असं न्हाई." आण्णा काय म्हणाले असं मी विचारलं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "काय म्हणत्याल? म्हणले, सवय लावावी लागती." आणि मग परातीतून मान वर न करता मला म्हणाली, "सवे, येवढी जागतीस तर भाकरी कामून उरून येती गं परत?" मी म्हटलं, वेळ मिळत नाही खायला. आईने भाकरी तव्यावर टाकली.

पुढच्या मंगळवारी मंगलच्या डब्यात एक पुठ्ठा आला. बियाण्याच्या जाहिरातीचा, मागची बाजू कोरी. त्यावर मामांनी माझं वेळापत्रक ठळक अक्षरात उतरवून काढलं होतं आणि खाली लिहिलं होतं, सविता करती तर तू का नाही. मंगलने तो स्टँडवरच उघडला. तिने तो दोनदा वाचला, हसली आणि मला विचारलं, "सविता, तू खरंच चारला उठतीस?"

त्या क्षणी मी काहीही म्हणू शकले असते. एखाद्या दिवशी, म्हणू शकले असते. आजूबाजूला आमच्या क्लासच्या आणखी दोघी होत्या आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "हाव."

"मला न्हाई गं जमत. डोळे मिटतेत."

"थंड पाण्याच्या बादलीत पाय बुडवून बस," मी म्हटलं. हे मी कुठेतरी ऐकलं होतं, केलं कधीच नव्हतं.

तिने केलं. ऐन थंडीत, पहाटे चारला, बादलीत पाय घालून. पुठ्ठा खोलीत उशाशी लावला. आता मामांनी तिलाही वही दिली होती, माझ्यासारखीच रकाने पाडलेली. फरक एवढाच की मंगल तिच्यात खरं लिहायची. आज सहा तास. आज पाच, बसल्या जागी झोप लागली. आज पहाटे वाचलं, पण काय वाचलं ते आठवत नाही. ती वही रोज तिच्या घरी जायची आणि मामा ती रोज वाचायचे. माझ्या खोट्या चौदा तासांपुढे तिचे खरे पाच तास रोज पडायचे. मला ते दिसत होतं. मी आंधळी नव्हते. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं, तोंडात फोड आले, वर्गात डोळा लागला म्हणून सरांनी तिला बाकावर उभं केलं. एके सकाळी डबा घ्यायला रांगेत उभी असताना तिला उभ्या उभ्या झोप लागली, हातातली पिशवी सुटली आणि आमटी तिच्याच पायांवर सांडली. ती खाली बसून भाकरी वेचायला लागली. मी शेजारी बसून वेचू लागले तर म्हणाली, "आबांनी सांगितलंय, येळवशीपातुर चौदा तास दिसले न्हाई तर घरी. उमरीचं स्थळ हाय. लोक चांगले हायेत म्हणे." मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "तुला थकवा येत न्हाई का गं?"

मी त्या दिवशी जेवू शकले नाही. खोलीत जाऊन वही काढली, आण्णांना लिहायला बसले की हे सगळं खोटं आहे. पण कागदावर दोन ओळी उतरल्या आणि माझ्या ध्यानात आलं की मी एकटी उघडी पडणार नाही. लोक म्हणतील, पोरीनं खोटं लिहिलं. पण सही कुणी केली? बघितल्याशिवाय न बोलणाऱ्या आण्णांनी सहा महिने न बघता सह्या केल्या. मुरुडच्या बाजारात ही गोष्ट एका दिवसात पसरली असती. बापाचा आब वाचवायचा म्हणून गप्प बसावं, तर मंगलचं आयुष्य चाललं होतं. मी कागद फाडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिला, पुन्हा फाडला. क्लासला जाताना मंगलची गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने जाऊ लागले. आज साठीला आल्यावरही मला त्या आठवड्यांची लाज वाटते. खोटं लिहिण्याची एवढी नाही, लांबच्या रस्त्याने जाण्याची वाटते.

येळवस म्हणजे आमच्याकडे वर्षातला मोठा दिवस. मार्गशीर्षातल्या, कधी पौषातल्या अमावस्येला अख्खं गाव शेतावर जातं, कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपीत, पूजा होते, मिसळभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील जेवायला अख्खी भावकी बसते. लातूरच्या सगळ्या खोल्या आदल्या दिवशी रिकाम्या होतात. त्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने आण्णा मला न्यायला आले. त्याच गाडीने गणपतमामा मंगलला न्यायला आले. माझी पिशवी भरून झाली होती. मी अंगणात आले तर दारात तिघं उभे: आण्णा, मामा, आणि त्यांच्यामागे मंगल. मामांच्या हातात मंगलची पत्र्याची पेटी होती. एका दिवसासाठी येळवशीला जाणारं कुणी पेटी नेत नाही.

खालांनी चटई टाकली. मामा बसले नाहीत. मला म्हणाले, "बाई, आमी निघालोच. हिला जाता जाता एकडाव तुझी वही दाव. म्हंजी मी कामून न्यायलोय ते तिला समजंल. उगं बापाला दोष नको."

मंगल पेटीकडे बघत होती. आण्णांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर संकोच होता आणि थोडा अभिमानही. "दाव," म्हणाले.

मी खोलीत गेले. वही टेबलावर होती; घरीच जायचं म्हणून आदल्या संध्याकाळी ती पाठवली नव्हती. आठवडा नुकताच सुरू झाला होता. भरलेल्या पानानंतर पाच कोरी पानं होती, सह्यांसकट. मी ती वही छातीशी धरून बाहेर आले. मशीनचा आवाज एवढा होता की मला मोठ्याने बोलावं लागलं, आणि कुजबुजण्यासारखी गोष्ट मी ओरडून सांगितली.

"मामा, ही वही खोटी हाय."

मामा हसले. "लाजू नको."

"मी चारला उठत न्हाई. एक दिवस उठले न्हाई. चौदा तास न्हाई, दोन तास व्हतेत. ते बादलीचंबी खोटं. मी सगळं गाडी यायच्या आधी बसून लिव्हत व्हते."

मंगलने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती बघत राहिली, एखादं गणित समजत नसल्यासारखी.

मामांचं हसू हळूहळू उतरलं. पण त्यांना ते पटेना. "आन् ह्यांची सही? पानापानाला सही हाय की. मी सोता बघितलीय. आण्णा बघितल्याबिगर सही करत्याल का? मंगलसाठी म्हणून बापाला खोटं पाडतीस व्हय गं?"

पुरावा म्हणून मला फक्त पुढचं कोरं पान उलटून दाखवायचं होतं. मी वही आणखी घट्ट धरली. आण्णांकडे बघायची हिंमत होईना, मी त्यांच्या पायांकडे बघत होते. चपलेला शेतातली काळी माती सुकून चिकटली होती. खाला चहाचे कप घेऊन उंबऱ्यातच थांबल्या. मग ते पाय माझ्याकडे आले.

"दे इकडं," आण्णा म्हणाले.

त्यांनी वही माझ्या हातातून सोडवून घेतली, कोरी पानं काढली आणि मामांपुढे धरली. "हे बगा, गणपतराव. ही उद्याची सही. ही परवाची. ही तेरवाची. पोरीनं काय लिव्हलं ते मी आषाढापास्नं वाचलंच न्हाई. तुमी घरी येऊन नावाजलं तवाबी न्हाई वाचलं. मला गोड वाटलं, मी गप बसलो."

आण्णांचा आवाज मी त्याआधी कधी तसा ऐकला नव्हता. मामांनी पान हाताने चाचपून पाहिलं, उलटून मागे पाहिलं. मग ते पेटीवर बसले. मला वाटलं आता ते आण्णांना बोलतील, निदान मला तरी. ते मंगलकडे वळले.

"तुला किती व्हतंय?"

"पाच तास," मंगल म्हणाली. "त्याच्या वर डोक्यात काई राहत न्हाई. पर पाच व्हतेत, आबा. रोज व्हतेत."

"मग हे आधी कामून सांगितलं न्हाईस?"

"रोज लिव्हत व्हते की."

मामांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत बसून राहिले. शेवटी खालाच पुढे झाल्या. चहा खाली ठेवला, मंगलचा हात धरला, तो थंडगार लागला असावा, कारण त्या एकदम म्हणाल्या, "या अल्ला, हिला आधी आडवी करा. बाकीचं मागून भांडा." दुकानातून आदल्या दिवशीच भरलेली एक गादी त्यांनी ओढत आणून माझ्या खोलीत टाकली. मंगल तिच्यावर बसली आणि चपलाही न काढता आडवी झाली. सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते. दुसऱ्या मिनिटाला तिला झोप लागली. भिंतीपलीकडे मशीन चालू होतं, अंगणात शेळी ओरडत होती, तिला काही ऐकू येत नव्हतं.

साडेअकराची गाडी होती. मामांनी घड्याळ पाहिलं, खोलीच्या दारापर्यंत गेले, आत डोकावले आणि परत आले. "झोपू द्या," म्हणाले. मग पेटी उचलून खांद्यावर घेतली. मला वाटलं ते स्टँडवर निघाले. ते मागच्या गल्लीकडे वळले, आणि थोड्या वेळाने रिकाम्या हाताने परत आले. पेटी मंगलच्या खोलीत ठेवून आले होते. उमरीच्या स्थळाचा विषय पुन्हा निघाला तो तीन वर्षांनी, मंगलची पदवी झाल्यावर, आणि तेव्हा ती नाही म्हणाली. पुढे ती मुरुडजवळच्याच एका शाळेत मुख्याध्यापिका झाली. आमचं फोनवर बोलणं होतं. ती पूर्वीसारखी आधी हसते, पण माझ्याशी बोलताना नाही. मीही कधी तिला त्याबद्दल विचारलेलं नाही.

लोक मला विचारतात, बाई, तुम्ही एवढी वर्षं रोज नेमाने पाऊण तास नवं काहीतरी वाचता, ही सवय कशी लावली? मी त्यांना सांगते, थोडं धरा, जमेल तेवढंच धरा, आणि ज्या दिवशी जमलं नाही त्या दिवशी जमलं नाही असं लिहा. हे ऐकायला इतकं साधं वाटतं की कुणी ते मनावर घेत नाही. त्यांना चौदा तासांची युक्ती हवी असते. मला दोन तासांवरून पाच तासांवर यायला त्या वर्षीचे उरलेले सगळे दिवस लागले. मेडिकलला माझा नंबर लागला नाही. मी फिजिक्स घेतलं आणि पुढे नांदेडच्या कॉलेजात तोच विषय तीस वर्षं शिकवला.

पण त्या दिवशी दुपारी मला यातलं काही सुचलं नव्हतं. मी मंगलच्या उशाशी बसून होते, हातात खालांच्या दुकानातला एक पुठ्ठा, माश्या हाकलत. खोलीच्या दारातून अंगण दिसत होतं. मामा भिंतीला टेकून बसले होते. आण्णा चटईवर होते आणि त्यांनी माझी वही पहिल्या पानापासून उघडली होती. चष्मा लावून, बोट ओळीवर ठेवून ते वाचत होते. पहाटे चार ते सात. साडेनऊ ते दीड. एक पान संपलं की खालच्या स्वतःच्या सहीवर त्यांचं बोट थांबायचं, मग ते पान उलटायचे. साडेअकराची गाडी गेली. एकची गेली. खालांनी तिथंच दोघांना जेवायला वाढलं, आण्णांनी हात धुतले, जेवले, हात पुसून पुन्हा वही घेतली. सहा महिन्यांची पानं त्यांनी एकेक करून वाचली, एकही गाळलं नाही. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मंगल चारला उठली. मी पाणी दिलं. आण्णांनी मला हाक मारली आणि वही पुढे केली. आजचं पान कोरं होतं, खाली सही होतीच. मी पेन घेतलं, आणि मग ती सही असलेलं पान मुळापासून फाडून टाकलं. त्याच्या मागची चारही फाडली. नव्या पानावर लिहिलं, आज अभ्यास नाही, मंगलजवळ बसले होते. वही परत आण्णांच्या हातात दिली. त्यांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग खिशातून पेन काढलं, आणि खाली सही केली.